विजेचा प्लग कोणाच्या फाटकाआड?

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही कार्यकर्त्यांच्या कपाळावर आठी उमटली असेल. व्यापारी इमारतींच्या वाहनतळांत विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगची सोय कशी करावी, हा विषय वास्तुविशारदांचा, बिल्डरांचा, फार तर महावितरणच्या अभियंत्यांचा; महागाई, बेरोजगारी आणि शेतमालाचे भाव यांच्याशी झुंजणाऱ्या पक्षाला त्याचे काय सोयरसुतक, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु सार्वजनिक जीवनातील पुष्कळसे निर्णय तांत्रिक भाषेच्या आडोशाने घेतले जातात, आणि त्यांचे परिणाम दिसू लागतात तेव्हा भिंती बांधून झालेल्या असतात, तारा गाडल्या गेलेल्या असतात आणि करारांवर सह्या झालेल्या असतात. विजेच्या वाहनांचा प्रश्न आज अशाच टप्प्यावर उभा आहे.

पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीचे इंधन रस्त्याच्या कडेला मिळते. पेट्रोल पंपाला फाटक नसते. तेथे मोटारवाला येतो, रिक्षावाला येतो, पन्नास रुपयांचे पेट्रोल भरणारा स्कूटरवालाही येतो, आणि तिघांनाही एकाच दराने इंधन मिळते. पंपावर गाडी पाच मिनिटे थांबते. विजेची गाडी मात्र चार्ज होण्यासाठी तासन्‌तास उभी राहावी लागते. म्हणजे तिचे इंधन ती जेथे उभी राहते तेथेच मिळाले पाहिजे. ती रात्री घराजवळ उभी असते आणि दिवसा कचेरीच्या, दुकानाच्या, बाजाराच्या, मॉलच्या, इस्पितळाच्या वाहनतळात उभी असते. याचा सरळ अर्थ असा, की इंधनाचे दुकान रस्त्यावरून उठून इमारतीच्या आवारात चालले आहे. आवाराला फाटक आहे, फाटकावर पहारेकरी आहे, आणि आत कोणाला सोडायचे हे मालक ठरवतो. इंधन मिळण्याचा अधिकार अशा रीतीने वाहनतळाच्या मालकीशी बांधला जात आहे. हा बदल कोणी जाहीर केला नाही, त्यावर विधानसभेत चर्चा झडली नाही. तो यंत्राच्या स्वभावातून आपोआप घडतो आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे राजकीय दृष्टीने पाहणे आवश्यक आहे.

शासनाने आजवर काय केले?

प्रथम नियमांची माहिती करून घेतली पाहिजे, कारण पुष्कळ कार्यकर्त्यांना आपल्या हाती कोणती साधने आहेत याचीच कल्पना नसते. वीज विकण्यासाठी २००३ च्या विद्युत कायद्यानुसार परवाना लागतो. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने असा खुलासा केला, की वाहनाची बॅटरी चार्ज करून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, सबब तिला परवान्याची गरज नाही. या एका खुलाशाने चार्जिंगचा धंदा सर्वांना मोकळा झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि पुढे त्या वेळोवेळी सुधारल्या. शहरात तीन किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनात किमान एक आणि महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला दोन्ही बाजूंस एक चार्जिंग स्टेशन असावे, असे प्रमाण आरंभी ठरले.

इमारतींच्या दृष्टीने महत्त्वाचा निर्णय फेब्रुवारी २०१९ चा. केंद्राच्या गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाने २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती करून असे सुचवले, की वाहनतळाच्या एकूण क्षमतेच्या वीस टक्के जागा विजेच्या वाहनांसाठी सज्ज असाव्यात, आणि सर्व चार्जिंग पॉइंट एकाच वेळी चालू आहेत असे धरून त्याला सव्वाने गुणून येईल तेवढा जादा वीजभार इमारतीला उपलब्ध असावा. हे उपविधी आदर्श म्हणून दिलेले असतात; ते स्वीकारायचे की नाही हे राज्यांनी ठरवायचे असते. महाराष्ट्राने जुलै २०२१ मध्ये जाहीर केलेल्या धोरणात व्यापारी व संस्थात्मक संकुलांसाठी हे प्रमाण पंचवीस टक्के धरले, नव्या निवासी प्रकल्पांसाठी वीस टक्के. दिल्ली सरकारने मार्च २०२१ मध्ये शंभरांहून अधिक वाहनांची सोय असलेल्या मॉल, हॉटेल, कचेऱ्या, इस्पितळे यांना पाच टक्के जागा राखण्यास सांगितले आणि पहिल्या तीस हजार पॉइंटांना प्रत्येकी सहा हजार रुपयांचे साहाय्य देऊ केले. दिल्लीच्या या आदेशात एक व्यवहार्य गोष्ट होती: तो उभ्या असलेल्या इमारतींना लागू होता. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणातील टक्केवारी मुख्यतः नव्या बांधकामांसाठी होती. आणि शहरातील बहुसंख्य कचेऱ्या व बाजारपेठा तर जुन्याच इमारतींत आहेत.

तेव्हा नियम नाहीत असे म्हणता येणार नाही. परंतु नकाशावर हिरव्या शाईने रंगवलेले वीस चौकोन आणि वीज असलेले वीस पॉइंट यांत महदंतर आहे. रोहित्राची क्षमता वाढवली नाही, वाहनतळापर्यंत केबल नेण्यासाठी नळ्या टाकल्या नाहीत, मीटरच्या खोलीत जागा ठेवली नाही, तर ‘सज्ज’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही. इमारत बांधतानाच नळ्या टाकल्या तर खर्च नगण्य असतो. नंतर काँक्रीट फोडून तेच काम करावे लागले तर खर्च अनेक पटींनी वाढतो, आणि तो मालक स्वतःच्या खिशातून न देता देखभाल आकाराच्या नावाखाली लहान दुकानदारांच्या आणि भाडेकरूंच्या माथी मारतो.

आकडेमोडीचे राजकारण

येथे थोडी आकडेमोड अपरिहार्य आहे. दोनशे मोटारींचे वाहनतळ असलेली एखादी व्यापारी इमारत घ्यावी. तिच्यात वीस टक्क्यांप्रमाणे चाळीस जागा चार्जिंगसाठी राखल्या आणि प्रत्येक जागेवर ७.४ किलोवॅटचा पॉइंट बसवला, तर एकूण भार २९६ किलोवॅट होतो. सव्वाने गुणल्यावर तो ३७० किलोवॅट होतो. एवढ्या भारासाठी बहुधा नवे रोहित्र लागते, उच्चदाबाची केबल लागते, आणि इमारतीचा मंजूर भार वाढवावा लागतो.

आता दुसऱ्या बाजूने हिशेब करावा. कचेरीत येणारी मोटार दिवसाला चाळीस किलोमीटर धावते असे धरले, आणि एका युनिटमध्ये साधारण सहा किलोमीटर जाते असे धरले, तर तिची रोजची गरज सात युनिटांहून कमी आहे. चाळीस मोटारी मिळून फार तर २८० युनिट घेतील. या मोटारी आठ तास उभ्या असतात. म्हणजे सरासरी भार अवघा ३५ किलोवॅट. एकीकडे ३७० आणि दुसरीकडे ३५! दहा पटींहून अधिक अंतर आहे, आणि ते केवळ सर्वांनी एकाच क्षणी पूर्ण वेगाने वीज ओढावी या गृहीतकातून निर्माण झाले आहे. प्रत्यक्षात अशी व्यवस्था करता येते, की उपलब्ध भार सर्व पॉइंटांत आपोआप वाटला जाईल, आणि इमारतीच्या लिफ्ट व पंप जोरात चालू असतील तेव्हा गाड्यांना थोडी वीज कमी मिळेल. सर्व गाड्या संध्याकाळपर्यंत भरलेल्या असतील तर दुपारी कोणाची बॅटरी किती वेगाने भरत होती याला महत्त्व नाही. सरासरीवर सर्व काही बेतता येत नाही हे मान्य आहे. दूरवरून आलेल्या गाडीसाठी काही राखीव क्षमता ठेवावीच लागते. तरीही शंभर किलोवॅटच्या आत भागणाऱ्या गरजेसाठी ३७० किलोवॅटचे रोहित्र उभारणे हा राष्ट्रीय अपव्यय आहे.

समाजवाद्यांना या हिशेबात एक जुनी गोष्ट ओळखू येईल. प्रत्येकाने आपापल्या पुरते जास्तीत जास्त मागायचे आणि त्या मागण्यांची बेरीज समाजाने पुरवायची, ही बाजाराची रीत होय. उपलब्ध साधनसंपत्ती किती, खरी गरज किती आणि ती कोणत्या क्रमाने भागवता येईल, असा विचार करणे याला नियोजन म्हणतात. नियोजन हा शब्द आज दिल्लीत कोणी उच्चारत नाही. नियोजन आयोगही २०१५ मध्ये इतिहासजमा झाला. पण एका वाहनतळाचा हिशेब मांडला तरी त्या शब्दावाचून चालत नाही.

वेळेचे नियोजन हा याच हिशेबाचा दुसरा भाग. महाराष्ट्रातील विजेचा मोठा वाटा अजून कोळशावर निर्माण होतो. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या मोटारीतून धूर निघेनासा झाला, म्हणून तो देशातून नाहीसा झाला असे होत नाही; चंद्रपूर आणि कोराडी येथील माणसे तो श्वासावाटे आत घेतात. विदर्भाने धूर सोसायचा आणि पश्चिम महाराष्ट्राने स्वच्छ हवेचे प्रमाणपत्र मिरवायचे, ही प्रगती एकांगी आहे. तिच्यावर उपाय व्यापारी इमारतींत आहे, कारण तेथे गाड्या भर उन्हाच्या वेळी उभ्या असतात. महाराष्ट्रात एका किलोवॅटच्या सौर संचातून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात असे धरले, तर वरील २८० युनिटांसाठी ७० किलोवॅटचा संच आणि सुमारे ७०० चौरस मीटर छत पुरते. जून २०२३ मध्ये केंद्राने वीजग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार सौर तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान वीस टक्क्यांनी कमी आणि मागणीच्या चढत्या तासांतील दर व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी किमान वीस टक्क्यांनी जास्त ठेवायचा आहे. दुपारी स्वस्त मिळणारी वीज गाडीवाल्यापर्यंत स्वस्तच पोहोचते की मधला मालक तो फरक गिळंकृत करतो, एवढेच पाहावयाचे उरते. आणि हे पाहणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

तीन आण्यांचे वाहन

आजवर मोटारींचा हिशेब झाला. परंतु भारतात विजेवर चालणारे वाहन म्हणजे प्रामुख्याने मोटार नव्हे. २०२४-२५ या वर्षात विकल्या गेलेल्या विजेच्या वाहनांत दहांपैकी नऊहून अधिक दुचाकी आणि तीनचाकी होती. कचेरीतील कारकून, औषधविक्रेत्याचा प्रतिनिधी, घरोघर जेवण पोहोचवणारा तरुण, रिक्षाचालक, बाजारातून भाजी वाहणारा टेम्पोवाला हे या वाहनांचे स्वामी आहेत. पुष्कळदा स्वामीही नव्हेत, हप्त्यांचे ऋणकरी आहेत. असे असता चार्जिंगच्या योजनांची चर्चा मात्र मोटारीभोवती फिरते. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना व बसगाड्यांना पथकर माफ करण्यात आला. दुचाकी व तीनचाकींच्या खरेदीलाही त्या धोरणात साहाय्य आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण ज्या रस्त्यांवर स्कूटरला आणि रिक्षाला प्रवेशच नाही त्या रस्त्यांवरील ही उदारता कोणासाठी आहे, हे निराळे सांगावयास नको. १९६३ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया यांनी लोकसभेत तीन आण्यांचा प्रश्न उपस्थित केला तेव्हा बहुसंख्य माणसाच्या रोजच्या मिळकतीला सरकारी हिशेबात स्थान द्यावे एवढेच त्यांचे मागणे होते. विजेच्या वाहनांच्या हिशेबातही तोच प्रश्न विचारला पाहिजे.

तंत्रज्ञान या प्रश्नाच्या बाजूने आहे, हे त्यातील समाधान. स्कूटरची बॅटरी दोन ते चार युनिटांची असते, रिक्षाची साधारण सात ते नऊ युनिटांची. त्यांना अवाढव्य जलद चार्जर लागत नाही. पंधरा अँपिअरचा नीट अर्थिंग केलेला पॉवर पॉइंट पुरतो. साठ किलोवॅटचा एक जलद चार्जर लाखो रुपयांचा असतो आणि एका वेळी एक-दोन मोटारींची सोय करतो. तेवढ्याच वीजभारात ३.३ किलोवॅटचे अठरा पॉइंट चालतात. २०२१ मध्ये केंद्राच्या पुढाकाराने हलक्या वाहनांसाठी साडेतीन हजार रुपयांच्या आत बसेल अशा पॉइंटचे मानक तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले, ते याच विचाराने. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तेव्हा त्यांना मागासलेले म्हणून हिणवण्यात आले होते. भिंतीवरचा हा साधा पॉइंट म्हणजे लहान यंत्राच्या विचाराचे आजचे उदाहरण होय.

२०१९ च्या आदर्श उपविधींतही दोन विजेच्या दुचाकींमागे एक आणि दोन तीनचाकींमागे एक असे संथ चार्जरांचे प्रमाण दिलेले आहे. मोटारींसाठी ते तिघींमागे एक आहे. म्हणजे कागदावर लहान वाहनाला न्याय आहे. प्रत्यक्षात मॉलच्या तळघरात मोटारींसाठी प्रकाशमान फलक लावलेले चार्जर असतात, आणि दुचाकींचा तळ मागच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये असतो, जेथे साधा दिवाही धड नसतो. त्याच मॉलच्या उपाहारगृहांतून पार्सले नेणारे तरुण आत गाडी उभी करू शकत नाहीत. ज्याच्या श्रमावर त्या दुकानाचा निम्मा धंदा चालतो, त्याची गाडी फुटपाथवर उभी असते आणि बॅटरी संपली तर त्याचा दिवस बुडतो.

मधू दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवला. पहिल्या वर्गाच्या सुखसोयी वाढवण्याऐवजी बहुसंख्य प्रवाशांची पाठ त्यांना आधी दिसली. चार्जिंगच्या नियोजनात हाच क्रम हवा: आधी पन्नास साधे पॉइंट, मग एखादा जलद चार्जर.

मालकी कोणाची, नफा कोणाचा?

या देशात वीज ही सार्वजनिक संपत्ती मानण्याची एक थोर परंपरा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा वीजधोरणाची पायाभरणी त्यांच्या खात्याकडून झाली. १९४८ च्या कायद्याने राज्य विद्युत मंडळांचा मार्ग मोकळा केला. मुंबईत बेस्ट १९४७ मध्ये महापालिकेच्या मालकीची झाली; विजेवर चालणारी ट्राम मुंबईकरांना १९०७ पासून १९६४ पर्यंत नेत-आणत होती. विजेवरचे वाहन ही नवलाई नव्हे, आणि ते सामाजिक मालकीचे असू शकते हेही नवल नव्हे. २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे तुकडे झाले तरी निर्मिती, पारेषण आणि राज्याच्या बहुतेक भागातील वितरण करणाऱ्या कंपन्या आजही शासनाच्या मालकीच्या आहेत.

असे असता नव्या व्यवस्थेचा नफा कोठे जमा होतो हे तपासले पाहिजे. पी.एम. ई-ड्राइव्ह या २०२४ मध्ये सुरू झालेल्या योजनेतील १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी रुपये सार्वजनिक चार्जिंगसाठी राखलेले आहेत. जानेवारी २०२२ च्या केंद्रीय सूचनांनुसार सरकारी जमीन चार्जिंग स्टेशनसाठी सार्वजनिक संस्थेला प्रतियुनिट एक रुपया दराने द्यायची होती, आणि खासगी उद्योजकाला लिलावाने द्यायची होती. तेथेही बोलीचा पाया एक रुपयाच होता. शहरातील मोक्याच्या जमिनीचे मोल लक्षात घेता हा एक रुपया म्हणजे नाममात्र मोबदला आहे. सवलतीची जमीन, सवलतीची वीज आणि अनुदानित यंत्र, हे सारे समाजाने पुरवायचे. आणि त्यावर सेवा आकार किती घ्यायचा हे चालकाने ठरवायचे, असा व्यवहार झाला तर त्याला सार्वजनिक सेवा म्हणता येणार नाही. सेवा आकाराला कमाल मर्यादा घालण्याचा मार्ग त्याच सूचनांत राज्यांना दाखवला होता. सवलत घेणाऱ्या प्रत्येकाने युनिटचा दर फलकावर ठळक लिहावा आणि कोणाही वाहनाला परत पाठवू नये, एवढी अट घालण्यास तर कोणतीच अडचण नाही.

काही साथी येथे आक्षेप घेतील. खासगी इमारतीच्या मालकावर हा बोजा का टाकावा, असे बिल्डरांची बाजू घेणारे म्हणतील. इमारतीला जिना हवा, पाण्याची टाकी हवी, आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग हवा, हेही एके काळी बोजेच वाटत होते. शहराने रस्ता, पाणी, गटार आणि जादा चटईक्षेत्र दिले म्हणून त्या जमिनीला किंमत आली. तेव्हा त्या आवाराने शहराची एक गरज भागवावी यात अन्याय नाही. दुसरा आक्षेप आतल्या गोटातून येईल: खासगी वाहनांची चैन वाढवण्यापेक्षा एसटी आणि शहर बससेवा सुधारण्यासाठी लढावे. हा आक्षेप रास्त आहे, आणि प्राधान्यक्रमात बस पहिलीच राहिली पाहिजे. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, आणि १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर एसटीची पहिली विजेची ‘शिवाई’ धावली. आगारांत चार्जिंगची यंत्रणा एसटीच्या ताब्यात राहावी, भाडेकरारांच्या निमित्ताने आगारांच्या जमिनी हातच्या जाऊ नयेत, हा लढा वेगळा आणि मोठा आहे. पण रिक्षा ही चैन नव्हे, मालवाहू तीनचाकी ही चैन नव्हे, आणि बस जेथे जात नाही अशा औद्योगिक वसाहतीत दुसरी पाळी करणाऱ्या कामगाराची स्कूटर हीही चैन नव्हे. ती त्यांची पोट भरण्याची अवजारे आहेत.

सुरक्षिततेचा हिशेब

एका धोक्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबाद येथे विजेच्या स्कूटरच्या दालनात लागलेल्या आगीचा धूर वरच्या मजल्यांवरील लॉजमध्ये पसरला आणि आठ माणसे दगावली. त्याच वर्षी केंद्राने बॅटरीसंबंधीची मानके कडक केली. या घटनेचा दाखला देऊन चार्जिंगच नको म्हणणारे व्यवस्थापक असतात. बंदी घातल्याने धोका टळत नाही. मग माणसे लिफ्टजवळच्या सॉकेटला लांब वायर जोडून गाडी चार्ज करतात, बॅटरी काढून दुकानात, जिन्याखाली, झोपण्याच्या खोलीत नेतात, आणि धोका दुणावतो. योग्य जाडीची केबल, खरोखर जमिनीत गेलेले अर्थिंग, गळती होताच प्रवाह तोडणारी कळ, पाणी न शिरणारी पेटी, हवा खेळती असलेली जागा आणि जिन्यापासून व बाहेर पडण्याच्या वाटेपासून राखलेले अंतर, एवढ्या गोष्टी सांभाळल्या तर साधा पॉइंट हा गिझरइतकाच सुरक्षित असतो. शक्यतो ही सोय तळघराऐवजी जमिनीच्या पातळीवर, उघड्यावर असावी. आणि आग लागलीच तर पहिला धावणारा माणूस कंत्राटी पहारेकरी असतो. त्याला मुख्य कळ कोठे आहे हे दाखवणे आणि त्याचे प्रशिक्षण करणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले पाहिजे.

कार्यकर्त्यांचे काम

सिद्धांताची मांडणी झाल्यावर कृतीचा कार्यक्रम समोर असावा. पहिले काम पाहणीचे. प्रत्येक शहर शाखेने आपल्या भागातील दहा व्यापारी इमारती निवडाव्यात. मंजूर नकाशात चार्जिंगच्या किती जागा दाखवल्या आहेत ते २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागवावे, आणि प्रत्यक्ष किती पॉइंटांत वीज येते ते जाऊन मोजावे. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून महापालिकेसमोर ठेवावेत. भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी पॉइंट चालू करून पाहण्याची अट घालावी, ही मागणी त्यातून आपोआप उभी राहील.

दुसरे काम मागण्यांचे. राखीव जागांतील मोठा हिस्सा दुचाकी-तीनचाकींना मिळावा. इमारतीत काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांना आणि तेथे माल पोहोचवणाऱ्यांना मालकांच्या मोटारींइतकाच हक्क असावा. वाहनांच्या विजेसाठी स्वतंत्र मीटर असावा आणि सौर तासांतील सवलत ग्राहकापर्यंत पोहोचावी. स्वतंत्र जोडणी मागण्याचा मार्ग फेब्रुवारी २०२४ च्या वीजग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीने सुकर झाला आहे. महानगरांत नवी जोडणी तीन दिवसांत, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात दिवसांत आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत देण्याची मुदत त्या नियमांत आहे. या मुदतीची आठवण कनिष्ठ अभियंत्याला करून देणारे कोणीतरी हवे असते.

तिसरे काम उभारणीचे, आणि ते सर्वांत कठीण. पुण्यात बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायत आणि रिक्षा पंचायत उभ्या राहिल्या. १९७४ पासून ‘कष्टाची भाकर’ केंद्रांनी श्रमिकाला स्वस्त आणि सकस जेवण देता येते हे सिद्ध केले. हमालाला भाकर देणारी संस्था श्रमिक चालवू शकतात, तर रिक्षाला वीज देणारी संस्था का चालवू शकणार नाहीत? २०१८ च्या खुलाशाने परवान्याची अट काढली ती केवळ भांडवलदारांसाठी काढलेली नाही. सहकारी संस्थेलाही ते दार तितकेच उघडे आहे. बाजार समित्यांची आवारे, रिक्षाथांब्यांलगतच्या महापालिकेच्या जागा, भाजी मंडईंची छते येथे सहकारी चार्जिंग केंद्रे निघू शकतात. वीस साध्या पॉइंटांच्या केंद्राला लागणारे भांडवल रिक्षाचालकांच्या एखाद्या पतसंस्थेच्या आवाक्याबाहेरचे नाही. जमीन एक रुपया दराने कोणाला तरी मिळणारच आहे. ती कष्टकऱ्यांच्या संस्थेला मिळावी असा अर्ज प्रथम कष्टकऱ्यांकडून गेला पाहिजे. हिशेब चोख ठेवणारा एक चिटणीस आणि आयटीआयमधून बाहेर पडलेले दोन तरुण वायरमन एवढ्या मनुष्यबळावर असे केंद्र चालू शकते, आणि दोन तरुणांना गावात काम मिळते हा त्याचा आणखी एक लाभ.

साथींनो, गेल्या शतकात तेलाच्या विहिरी कोणाच्या मालकीच्या यावरून जगात युद्धे झाली. विजेच्या बाबतीत तो प्रश्न इतक्या दूरच्या वाळवंटात नाही. तो प्रत्येक शहरातील प्रत्येक फाटकावर आहे, आणि तेथे तो सोडवण्यासाठी सैन्य लागत नाही. नकाशा वाचता येणारे, मीटर समजणारे, आणि पहारेकऱ्याने अडवल्यावर नियमाचे कलम सांगणारे कार्यकर्ते लागतात. ज्या इमारती येत्या दहा वर्षांत उभ्या राहतील त्या पुढची पन्नास वर्षे टिकतील. त्यांच्या भिंतींत तारा कोणासाठी टाकल्या जातात, हे ठरवण्याची वेळ पाया खणला जात असतानाची असते, आणि शाखांनी पाहणीचे काम याच महिन्यात हाती घेतले तर त्यांना फार उशीर झालेला असणार नाही.